पाणीपट्टीच्या आधी नळजोडणीचं बोलू

नमस्कार.

गरीब वस्त्यांच्या पाण्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. पाणीपुरवठ्याच्या कामात तुमचं आयुष्य गेलं आहे, त्यामुळे तुमच्या आक्षेपांना तितक्याच गांभीर्यानं उत्तर द्यायला हवं. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. पाणी उपसायला, शुद्ध करायला आणि पोचवायला पैसा लागतो. योजना आधीच तोट्यात आहेत, त्यात पाणीचोरीची भर. अशा वेळी गरिबांसाठी सवलती मागणं म्हणजे प्रामाणिकपणे पट्टी भरणाऱ्यांवर बोजा टाकणं. जोडणी तोडल्याशिवाय थकबाकी वसूल होत नाही. आणि सगळ्यांना एकच दर, तोही वापराबरोबर टप्प्याटप्प्यानं वाढणारा, आणि एकच नियम, हाच खरा न्याय. शेवटी तुम्ही लिहिलंत, "भावनेवर पंप चालत नाहीत."

पंप विजेवर चालतात आणि विजेचं बिल भरावंच लागतं, यावर आपलं दुमत नाही. पाणी सगळ्यांना फुकट द्या, असं मी लेखात कुठेही म्हटलेलं नाही. मला विचारायचंय ते इतकंच, की आज जी सवलत दिली जाते ती नेमकी कुणाच्या घरात जाते?

बहुतेक पाणीयोजनांमध्ये आकारला जाणारा दर खऱ्या खर्चापेक्षा कमी असतो. म्हणजे नळातून येणाऱ्या प्रत्येक हजार लिटरमागे सवलत दडलेली असते. ती मिळण्यासाठी आधी घरात नळ हवा, आणि जो जास्त पाणी वापरतो त्याला ती जास्त मिळते. जागतिक बँकेनं २०१९ मध्ये दहा विकसनशील देशांतल्या सवलतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. सवलतीच्या पैशातला सरासरी ५६ टक्के वाटा सर्वांत श्रीमंत २० टक्के लोकांना मिळत होता, आणि सर्वांत गरीब २० टक्के लोकांना ६ टक्के. तेव्हा बोजा कोण कुणावर टाकतंय, हे पुन्हा तपासून पाहावं अशी माझी विनंती आहे. ज्यांच्या वस्तीत वाहिनीच पोचलेली नाही ते टँकरवाल्याकडून किंवा शेजारच्या नळधारकाकडून पाणी विकत घेतात आणि दर लिटरला नळाच्या दरापेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजतात. त्यांना फुकटे म्हणता येणार नाही. पाण्याला सर्वांत चढा भाव तेच देतात, फक्त तो पैसा तुमच्या खात्याच्या तिजोरीत येत नाही.

टप्प्याटप्प्यानं वाढणारा दर गरिबांच्या सोयीचा असतो, असं तुम्ही म्हणता. पहिला टप्पा स्वस्त, पुढचे महाग, ही कल्पना चांगलीच आहे. पण ती एका नळावर एकच कुटुंब आहे असं धरून चालते. एका जोडणीवर चार-पाच बिऱ्हाडं पाणी भरतात तिथे मीटर भराभर वरच्या टप्प्यात जातो, आणि प्रत्येक बिऱ्हाडाचा वापर तुटपुंजा असूनही त्या सगळ्यांना महाग दर लागतो. दोन माणसांचा बंगला मात्र खालच्या टप्प्यात राहू शकतो. दक्षिण आफ्रिकेत हेच झालं. तिथे २००१ पासून दर कुटुंबाला महिन्याला ६,००० लिटर पाणी मोफत देण्याचं धोरण आलं. हिशेब होता आठ माणसं आणि माणशी रोज २५ लिटर. पण जोहान्सबर्गच्या सोवेटोतल्या फिरी भागात एकेका आवारात त्याहून बरीच जास्त माणसं राहत होती आणि त्यांचा मोफत साठा महिना संपण्याआधीच संपायचा. प्रकरण तिथल्या सर्वोच्च घटनात्मक न्यायालयापर्यंत गेलं आणि २००९ मध्ये निकाल रहिवाशांच्या विरोधात लागला. निकालाच्या कायदेशीर बाजूवर मला बोलायचं नाही. पण धोरण ठरवताना माणसं न मोजता मीटर मोजले, की मोफत पाणीसुद्धा विषम वाटलं जातं, हे त्यातून दिसलं.

आता तुमचा मुख्य मुद्दा: नियम सगळ्यांना सारखा. जोडणीचा अर्ज काढून पाहा. जागेच्या मालकीचा कागद, अनामत रक्कम, रस्ता खोदाईचं शुल्क, वाहिनीपासून घरापर्यंतच्या पाइपाचा खर्च, आणि सगळं एकरकमी. पक्क्या घराच्या मालकाला ही एका दिवसाची कटकट वाटते. ज्याची जागा कागदावर त्याची नाही, किंवा जो भाड्यानं राहतो, त्याच्यासाठी पहिल्याच ओळीवर अर्ज संपतो. नियम अक्षरशः सारखा आहे, पण तो कुणाला आत घेईल आणि कुणाला बाहेर ठेवेल हे आधीच ठरलेलं आहे. आणि मालकी हा पाण्याचा निकष असावा असं कोणतंही तांत्रिक कारण नाही. वाहिनीला सातबारा कळत नाही, उंची आणि दाब कळतो. हे मी तुम्हाला काय सांगावं!

ढाक्यात या अडचणीवर १९९० च्या दशकात वाट काढली गेली. तिथल्या पाणीपुरवठा प्राधिकरणाला झोपडवस्तीत अधिकृत जोडणी देता येत नव्हती, कारण रहिवाशांकडे जमीन नव्हती. दुःस्थ स्वास्थ्य केंद्र या संस्थेनं अनामत भरली, बिलाची हमी घेतली आणि संस्थेच्या नावावर सामाईक नळ आले. वस्तीतल्या लोकांच्या समितीनं पैसे गोळा केले, बिलं भरली. लोक पैसे देतात असा अनुभव आल्यावर प्राधिकरण वस्तीच्या समित्यांना थेट जोडणी देऊ लागलं. गरीब बुडवेल म्हणून जोडणी द्यायची नाही, आणि जोडणी नाही म्हणून तो पैसे भरतो की नाही हे कधी कळायचं नाही, हे चक्र तिथे तुटलं.

पाणीचोरीबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते वाचून मला नॉम पेन्ह आठवलं. कंबोडियाची ही राजधानी. १९९३ मध्ये अभियंते एक सॉन चान यांनी तिथल्या पाणीपुरवठ्याचा कारभार हाती घेतला तेव्हा शहरात सोडलेल्या पाण्यापैकी ७२ टक्के पाण्याचे पैसेच येत नव्हते. काही गळत होतं, काही चोरलं जात होतं, काहींची नोंद नव्हती. त्यांनी शोध घेतला तेव्हा बेकायदा जोडण्या विकणाऱ्यांत खात्याचेच कर्मचारी निघाले, आणि बिल न भरणाऱ्यांत सरकारी कार्यालयं आणि वजनदार मंडळी. एका लष्करी अधिकाऱ्याच्या घरी कारवाईसाठी गेले असता त्यांच्यावर बंदूक रोखली गेली. ते मागे हटले नाहीत. सगळीकडे मीटर बसले, गळती शोधणारी पथकं उभी राहिली, दरही वाढवले गेले. पुढच्या दीड दशकात पैसे न मिळणाऱ्या पाण्याचं प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास आलं आणि शहराला चोवीस तास पुरवठा होऊ लागला. त्याच काळात गरीब कुटुंबांसाठी जोडणीच्या खर्चात ३० टक्क्यांपासून थेट १०० टक्क्यांपर्यंत सवलत होती, उरलेली रक्कम हप्त्यांनी. तुमच्या कडक शिस्तीचं आणि माझ्या सवलतीचं इथे भांडण झालं नाही, दोन्ही एकाच माणसानं राबवली. सवलत मात्र त्यांनी योग्य जागी ठेवली: महिन्याच्या बिलात सगळ्यांना वाटून टाकण्याऐवजी दाराशी, जोडणीच्या वेळी, ज्यांना गरज होती त्यांना.

यापुढे मला व्हॉल्व्हबद्दल, म्हणजे कोणत्या वस्तीला पाणी कधी आणि किती वेळ सोडायचं हे ज्या झडपेवर ठरतं तिच्याबद्दल, बोलायचं आहे, कारण दरावर जितकी चर्चा होते त्याच्या पावपटही व्हॉल्व्हवर होत नाही, आणि माझ्या मते सर्वांत मोठा अन्याय तिथेच होतो. समजा दिवसाला दोन तास पाणी येतं. ज्याच्याकडे जमिनीखाली टाकी, गच्चीवर टाकी आणि मोटार आहे, त्याच्यासाठी हे दोन तास म्हणजे चोवीस तास. ज्याच्याकडे चार भांडी आहेत त्याच्यासाठी दोन तास म्हणजे दोनच तास, आणि त्या वेळी घरात कुणीतरी थांबावं लागतं. पाणी भर दुपारी किंवा पहाटे तीनला सुटणार असेल तर रोजंदारी बुडते किंवा झोप. कोणाची बुडते हेही आपल्याला ठाऊक आहे. ज्या घरांत पाणी बाहेरून आणावं लागतं अशा दहापैकी सात घरांत ते काम बायका आणि मुली करतात, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या २०२३ च्या अहवालात आहे. शिवाय वाहिनीलाच मोटारी लागल्या की दाब पडतो आणि टोकाच्या वस्तीत नळ नुसता फुसफुसतो. पुरवठा बंद असताना रिकाम्या वाहिनीत सांध्यांतून आजूबाजूचं घाण पाणी शिरतं आणि पुन्हा पाणी सोडल्यावर नळातून बाहेर येतं. टोकाचं घर तीच पट्टी भरतं आणि त्याला कमी पाणी, कमी वेळ आणि जास्त आजारपण मिळतं. "सगळ्यांना एकच दर" हा न्याय इथे कुठे उरतो?

यावर फार मोठा खर्च लागत नाही. टोकाच्या ठिकाणी दाबमापक बसवावा, रोजची नोंद उघड लावावी, सोडण्याच्या वेळा आळीपाळीनं बदलाव्यात, उंचावरच्या वस्तीचा विभाग वेगळा करावा. म्हातारी आणि अपंग माणसं सामाईक नळावर अवलंबून असतील तर नळाची उंची, तोटी कशी फिरते आणि ओट्याची पायरी यांचा विचार त्यांना विचारून व्हावा. हे शेवटचं लहान वाटेल, पण एका पायरीमुळे माणूस आयुष्यभर दुसऱ्याच्या हातच्या पाण्यावर राहतो.

थकबाकीसाठी जोडणी तोडण्याबद्दल माझं मत ठाम आहे आणि ते तुम्हाला पटणार नाही, तरी लिहितो. घरगुती पाणी पूर्ण बंद करण्याचा अधिकार पुरवठादाराला नसावा. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९९ च्या कायद्यानं घरगुती ग्राहकाचं पाणी थकबाकीसाठी तोडायला बंदी घातली, पैसे संपताच नळ बंद करणारी यंत्रंही थांबवली. वसुली त्यांना दिवाणी मार्गानं करावी लागते, आणि तिथल्या पाणी कंपन्या त्यामुळे बंद पडलेल्या नाहीत. उलट अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात २०१४ साली हजारो घरांचं पाणी तोडलं गेलं तेव्हा आजारी माणसं आणि लहान मुलं असलेली घरंही त्यात होती, आणि संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी त्याला मानवी हक्कांचं उल्लंघन म्हटलं. जो भरू शकतो आणि भरत नाही त्याच्यामागे जरूर लागा. पण जो भरूच शकत नाही त्याचं पाणी बंद केल्यानं एक पैसाही वसूल होत नाही.

"मग पैसा कुठून आणायचा?" हा तुमचा शेवटचा प्रश्न. पहिलं उत्तर नॉम पेन्हमध्ये आहे: गळती आणि बड्यांची थकबाकी. दुसरं चिलीत. तिथे पाण्याचा दर खर्चाला धरून ठेवतात आणि गरीब कुटुंबांच्या बिलाचा ठरावीक हिस्सा सरकार पुरवठादाराला देतं. कुटुंब कोणतं, हे नगरपालिका ठरवते. यादीत चुका होतात, काही पात्र घरं सुटतात, आणि म्हणून मी ही पद्धत जोडणीच्या सवलतीनंतरच ठेवीन. पण तिच्यात योजना तोट्यात जात नाही, हे तुमच्या बाजूचं आहे.

तुम्ही वितरण सांभाळलं आहे. टोकाच्या दाबाची रोजची नोंद ठेवायची म्हटलं तर किती माणसं लागतील, व्हॉल्व्हमनला काय साधनं द्यावी लागतील, आणि वेळा बदलताना वरून दबाव येतो तो कसा झेलायचा, हे मला तुमच्याकडून ऐकायचं आहे. सविस्तर लिहिलंत तर स्वतंत्र लेख म्हणून इथे प्रसिद्ध करीन, तुमच्या माझ्याशी असलेल्या मतभेदांसकट.