परसातला गांजा आणि एक फिरता मेसेज

देवगड तालुक्यातल्या एका बाजारपेठेत माझं औषधांचं दुकान आहे. गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला निदान दहा-बारा जणांनी आणून दाखवला. पहिले आले ते वरच्या वाडीतले आबा. चष्मा कपाळावर, मोबाईल हातभर लांब धरलेला. "भाऊ, हो मेसेज इलो मुंबयसून. जरा बघ रे, खरा काय ता."

मेसेजचं नाव 'कोकणच्या लाल मातीतलं हिरवं सोनं'. लांबलचक आहे, पण मजकूर थोडक्यात असा: संयुक्त राष्ट्रांनी गांजाला विषारी यादीतून काढलं, भारतानेही पाठिंबा दिला, तेव्हा आता बंदी उरलेली नाही. एक किलोपर्यंत सूट आहे. औषधासाठी परसात दोन-चार झाडं लावायला कोणी अडवत नाही. कॅन्सर, साखर, बीपी, सांधेदुखी सगळ्यावर चालतो, नैसर्गिक असल्यामुळे दुष्परिणाम नाही. कोकणची हवा त्याला उत्तम. फुलं माळ्यावर सावलीत वाळवायची, काचेच्या बरणीत मुरवायची, की बिनरसायनाचं घरचं औषध तयार. आपले पूर्वज हेच करत होते, इंग्रजांनी बंद पाडलं.

यातली काही वाक्यं अर्धी खरी आहेत, म्हणून तर मेसेज एवढा फिरतो. 'एक किलोची सूट' हे वाक्य मात्र एखाद्याला थेट कोठडीत नेईल, म्हणून आधी ते.

अंमली पदार्थांचा कायदा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, तो १९८५ चा. त्यात गांजाचं 'अल्प प्रमाण' एक किलोपर्यंत आणि 'व्यापारी प्रमाण' २० किलोच्या वर धरलं आहे. पण अल्प प्रमाण म्हणजे सूट नव्हे. तिथे शिक्षा कमी आहे, एवढंच. एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय ही किलोची मोजपट्टी लागते ती जवळ बाळगलेल्या गांजाला. लागवडीची तरतूद वेगळी आहे, २० व्या कलमाच्या पहिल्याच पोटकलमात. तिथे किलो नाही, झाडांची संख्याही नाही. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. कुंडीतलं एक झाड आणि आंब्याच्या बागेआड लपवलेली रांग, दोन्ही त्याच पोटकलमात येतात. न्यायाधीश शिक्षा ठरवताना फरक करील, पण तोपर्यंत तुमच्या किती फेऱ्या झालेल्या असतील याचा हिशेब मेसेजवाला देत नाही.

'औषधासाठी चालतं' हे वाक्य ८ व्या कलमातून उचललंय. वैद्यकीय आणि वैज्ञानिक कामाचा अपवाद तिथे आहे खरा, पण कायद्याने घालून दिलेल्या रीतीने आणि परवाना घेऊन. जम्मूला सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेच्या संस्थेत औषधी गांजावर संशोधन चालतं ते असंच. उत्तराखंडाने २०१८ मध्ये हेम्पच्या, म्हणजे गांजाच्याच कमी नशेच्या जातीच्या, शेतीला परवाने दिले, ते धागा आणि बियांसाठी, टीएचसी म्हणजे नशा आणणारा घटक ०.३ टक्क्यांच्या आत ठेवायच्या अटीवर. मनात हेतू चांगला आहे म्हणून मिळणारी सूट कायद्यात कुठेच नाही.

आणि 'गावात कोण विचारतो' म्हणणाऱ्यांसाठी कोकणातली खास अडचण. याच कायद्याचं ४६ वं कलम सांगतं की आपल्या जमिनीत असं झाड बेकायदा लावलेलं असेल तर जमीनधारकाने ताबडतोब कळवायचं. माहीत असून गप्प बसला तर तोही शिक्षेला पात्र. आता आपले सातबारे डोळ्यांसमोर आणा. एकेका उताऱ्यावर पंधरा-वीस नावं, अर्धी विरार-डोंबिवलीला, दोन वारलेली. गणपतीला आलेल्या पुतण्याने परसात झाड बघितलं आणि हसून सोडून दिलं, तर त्याच्याही मागे प्रश्न लागू शकतो. ४७ वं कलम सरपंचापासून गावच्या प्रत्येक अधिकाऱ्यावर खबर देण्याची जबाबदारी टाकतं. म्हणजे विचारणारे बरेच आहेत.

संयुक्त राष्ट्रांची गोष्ट खरी आहे, फक्त पुढचं अर्धं पान गाळलंय. २ डिसेंबर २०२० ला व्हिएन्नात मतदान झालं, २७ विरुद्ध २५. भारताने बाजूने मत दिलं. त्यामुळे अंमली पदार्थांवरच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातल्या सगळ्यात कडक, म्हणजे चौथ्या यादीतून गांजा निघाला. पहिल्या यादीत तो आजही आहे आणि तिथले निर्बंध तसेच आहेत. आपल्या देशातल्या कायद्यात त्या मतदानाने एक स्वल्पविरामही हलला नाही. ज्या देशांत घरी झाड लावता येतं तिथे त्यांनी स्वतःचे कायदे बदलले. कॅनडात २०१८ पासून बहुतेक प्रांतांत एका घरात चार झाडं, जर्मनीत एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला तीन. थायलंडने २०२२ मध्ये दार सताड उघडलं आणि २०२५ मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री नाही असं म्हणत बरंचसं पुन्हा लोटून घेतलं.

आता त्या बरणीकडे येऊ. मेसेजमधला हा भाग वाचून मला खरंच हसू आलं, कारण लिहिणारा पावसाळ्यात कोकणात राहिलेला नाही.

आमच्या घरामागे जायफळाची चार झाडं आहेत, दापोलीच्या विद्यापीठाची 'कोकण सुगंधा'. फळं तडकतात ती ऐन पावसात. जायपत्री लालभडक निघते, हातात घेतली तर ओल्या चामड्यासारखी. ती वाळवणं म्हणजे आईची परीक्षा असते. चुलीवरच्या माच्यावर सुपात पसरायची, रात्री उचलायची, सकाळी परत. तीन वर्षांपूर्वी ती आजारी होती म्हणून हे काम माझ्याकडे आलं. चार दिवसांत पत्री पिवळसर दिसायला लागली, बोटाने मोडली, मी खूश होऊन काचेच्या बरणीत भरली. नवव्या दिवशी झाकण उघडलं तर उबट वास, आणि तळाशी देठांच्या बेचक्यात राखाडी कापूस. वरून बघितलं असतं तर माल एकदम छान होता. आई म्हणाली, "सगळी टाकून दे, वरची पण." बुरशीचं विष डोळ्यांना दिसत नाही, हे तिला कुणी फार्मसीत शिकवलं नव्हतं.

गांजाच्या फुलाचा गड्डा जायपत्रीपेक्षा कितीतरी घट्ट असतो. बाहेरून कुरकुरीत लागला तरी आत ओल धरून राहतो. ज्या देशांत हे रीतसर चालतं तिथे वाळवायच्या खोलीची दमटपणाची पातळी यंत्राने राखतात आणि बरणीतलीही ५५ ते ६२ टक्क्यांच्या आसपास ठेवतात. आपल्याकडे आषाढात हवेतला दमटपणा नव्वदीला टेकतो. कपाटातला चामड्याचा पट्टा आठ दिवसांत पांढरा होतो, मीठ पाझरतं. तिथे माळा म्हणजे बुरशीची नर्सरी. परतीच्या पावसापर्यंत थांबलात तरी ऑक्टोबरची किनाऱ्यावरची हवा काही सुकी नसते.

ही बुरशी निव्वळ वास बिघडवणारी नव्हे. अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी धडधाकट माणसाला बहुधा काही करत नाही. पण केमो चालू असलेल्या किंवा बोन मॅरो बदललेल्या रुग्णाच्या फुप्फुसात तिचे बीजाणू गेले तर जिवावर बेततं, आणि बुरशी लागलेला गांजा ओढल्याने असं झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात १९८० च्या दशकापासून आहेत. म्हणजे मेसेज ज्याला हे 'औषध' द्या म्हणतो, नेमका त्यालाच धोका सर्वांत जास्त. बरणीत मुरवल्याने औषधी गुण वाढतात हेही चूक. मुरवल्याने वास आणि घशाला लागणारा तिखटपणा सुधारतो. टीएचसी वाढत नाही, उलट दिवस जातील तसं ते मोडत जातं.

बिनरसायनाचं म्हणाल, तर हापूसच्या बागेतल्या मातीत तुम्ही काय ओतलंय ते आठवा. मोहर लवकर यावा म्हणून श्रावणाच्या आगेमागे बुंध्याभोवती कल्टार नावाचं रसायन देतात. त्यातलं पॅक्लोब्युट्राझोल जमिनीत लवकर विरत नाही. कॅलिफोर्नियात कायदेशीर गांजाची जी तपासणी होते, तिच्यात अजिबात चालत नाहीत अशा रसायनांच्या यादीत हेच पॅक्लोब्युट्राझोल आहे. तुडतुड्यावर मारतात ते डायमेथोएटही त्याच यादीत. झाड तुमच्या परसातलं म्हणून स्वच्छ, असं कुठल्या प्रयोगशाळेने सांगितलं?

खरं म्हणजे माझा सगळ्यात मोठा आक्षेप बुरशीलाही नाही. मी दिवसभर पट्ट्या कापून देतो. प्रत्येक पट्टीवर लिहिलेलं असतं, पाच मिलिग्रॅम, दहा मिलिग्रॅम. औषध म्हणजे तो आकडा. एकाच गांजाच्या झाडाच्या शेंड्याच्या फुलात आणि खालच्या फुलात टीएचसी सारखं नसतं, दोन झाडांत तर नाहीच. खाल्लं तर अर्धा-एक तास काहीच जाणवत नाही, मग माणूस 'लागलं नाही' म्हणून आणखी खातो, आणि दोन तासांनी दोन्ही डोस एकत्र चढतात. छाती धडधडते, उठून उभं राहिलं की घेरी येते. बीपीची गोळी चालू असलेला सत्तरीचा माणूस रात्री मोरीकडे जाताना पडला की खुब्याचं हाड गेलं.

आबांची हृदयाची झडप बदलली आहे. रक्त पातळ ठेवायची वॉरफरिन ते रोज घेतात आणि रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आयएनआर दर महिन्याला तपासतात. गांजातलं सीबीडी, म्हणजे टीएचसीसारखी नशा न आणणारा दुसरा घटक, यकृतात वॉरफरिनची वाट अडवतं, त्यामुळे रक्त हवं त्याहून पातळ होतं. हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी मोबाईल खिशात टाकला आणि नेहमीची पट्टी मागितली.

गांजातून औषधं निघालीच नाहीत असं मी म्हणत नाही. आपला कायदा झाला त्याच १९८५ साली अमेरिकेत केमोच्या उलट्यांवर ड्रोनॅबिनॉलला मान्यता मिळाली, ते टीएचसीच, कारखान्यात बनवलेलं, कॅप्सूलमध्ये मोजून भरलेलं. २०१८ मध्ये लहान मुलांच्या दोन अवघड प्रकारच्या फिट्सवर सीबीडीचं द्रावण आलं, एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम. त्यातही यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. कॅन्सर 'बरा' झाल्याचा माणसांवरचा पुरावा मात्र नाही. काचेच्या बशीत पेशी मरणं निराळं, तिथे पेशी पुष्कळ गोष्टींनी मरतात. असल्या रोगांवर हमखास गुण येतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या औषधं आणि जादूटोणा उपचारांच्या जाहिरातींविरुद्धच्या कायद्याखालीही गुन्हा आहे, ते वेगळंच.

आयुर्वेदाचं नाव घेऊन 'विजया', म्हणजे भांगेचं तिथलं नाव, सांगणाऱ्यांना एवढंच, की आपल्याच औषध नियमांतली जी ई-१ नावाची विषारी द्रव्यांची यादी आहे तिच्यात भांग आणि गांजा आहेत, आणि अशा औषधाच्या लेबलवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' छापावं लागतं. वैद्य शोधन करून म्हणजे विषारी अंश काढून, मात्रा ठरवून देतो. बरणीवर कोण काय छापणार?

मेसेज दाखवायला आलेल्यांत एक बाई होत्या, त्यांचे यजमान परळच्या टाटाला जाऊन-येऊन आहेत. रात्रभर कण्हतात म्हणाल्या. त्यांना या कायद्याच्या कलमांशी काय करायचंय? त्यांना मी विचारलं, मॉर्फिनबद्दल कोणी बोललं का? नाही. लोकांना वाटतं ते शेवटचं इंजेक्शन. तसं नाही, गोळी असते, मोजून देतात, वाढवतात, कमी करतात. एनडीपीएसच्या २०१४ च्या दुरुस्तीने ती 'अत्यावश्यक' औषधांत घातली आणि रुग्णालयांना ठेवणं सोपं केलं. मी तिकडच्या वेदनाशमन विभागाचं नाव कागदावर लिहून दिलं आणि पुढच्या फेरीत आधी तिथे जायला सांगितलं. मेसेजमध्ये या गोळीचा एक शब्द नाही.

राहता राहिले पूर्वज. इंग्रजांनी गांजा बंद पाडला नाही, त्यावर कर लावून पैसे कमावले. १८९३-९४ च्या त्यांच्या चौकशी आयोगाने सरसकट बंदी नको असंच म्हटलं होतं. आणि जुन्या इंग्रजी कागदांत आपल्याकडचं जे 'हेम्प' येतं ते पुष्कळदा ताग किंवा अंबाडी असते. नायलॉन येण्याआधी गाबीत-कोळ्यांची जाळी तागाच्या सुताची होती. मेसेज लिहिणाऱ्याने शब्दकोश उघडला असता तर आजोबांच्या हातात उगाच चिलीम दिली नसती.

हे सगळं मी आमच्या वाडीच्या ग्रुपवर टाकलं, त्याच रात्री एका काकूंचा घाबरून फोन. परसात बोटांसारखी पानं फुटलेलं झाड आहे, गांजाच्या फोटोतल्यासारखंच, उपटून जाळू का? फोटो मागवला. लालसर देठ, वर फिकट पिवळं फूल, मध्ये गडद ठिपका. अंबाडी. पानं खरंच इतकी सारखी असतात की तिच्या शास्त्रीय नावातच गांजा आहे. म्हटलं, "काकू, जाळू नका. कोवळी पानं खुडा, तांदळाच्या कण्या घाला आणि वरून लसणीची फोडणी." त्या म्हणाल्या, "मगे उद्या डबो धाडतंय."