पंधराव्या वर्षी भंगार, पन्नासाव्या वर्षी वारसा

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी सात वाजता मी इंग्लंडमधल्या एका खेड्याच्या क्रिकेट मैदानाच्या फाटकावर पिवळं जाकीट घालून उभा होतो. जुन्या गाड्यांचा मेळावा होता. माझ्याकडे काम एकच: आत येणारी गाडी १९८५ किंवा त्याआधीची आहे का बघायचं. असेल तर गवतावरची जागा दाखवायची, नसेल तर पलीकडच्या शेतातल्या साध्या पार्किंगमध्ये पाठवायचं.

इथे गाडीचं वय सहसा विचारावं लागत नाही, नंबरप्लेटच सांगते. १९६३ पासून नंबराच्या शेवटी वर्षाचं अक्षर यायचं, १९८३ पासून ते पुढे आलं आणि २००१ पासून अक्षराऐवजी आकडे आले. दोन-तीन मेळावे केले की हे पाठ होतं. शेवटी के म्हणजे १९७१-७२, सुरुवातीला जे म्हणजे १९९१-९२. हौसेने घेतलेला नंबर लावून गाडी आहे त्यापेक्षा जुनी दाखवता येते, नवी मात्र दाखवता येत नाही. त्यामुळे शंका आलीच तर नोंदणीचा कागद मागायचा.

नऊच्या सुमाराला एक पोरगा लाल माझदा घेऊन आला. जे अक्षराची, दोन सीटची, उघड्या टपाची एमएक्स-५. गाडी अशी पुसलेली की चाकाच्या नटातसुद्धा धूळ नाही. मी म्हटलं, १९८५ पर्यंतच. तो म्हणाला, "ही माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी आहे." बरोबरच होतं त्याचं. तरी मी हात शेताकडे केला. तो वाद न घालता गेला, ते जास्त लागलं.

दहा मिनिटांनी एक हिरवी कोब्रा आली, गडगडत. खरी कोब्रा म्हणजे साठच्या दशकातली स्पोर्ट्स गाडी, ही अलीकडे सुटे भाग जोडून बनवलेली प्रतिकृती. प्लेटवर क्यू. क्यू म्हणजे सरकारने हात टेकले, हिचं वय नक्की सांगता येत नाही. मी थांबवली, तर मागून समितीतले एक गृहस्थ धावत आले. "अरे, तो आपला माणूस आहे, जाऊ दे." गेली. दिवसभर मैदानाच्या मधोमध उभी राहिली आणि लोक तिच्यासोबत फोटो काढत होते.

हे सगळं आठवायचं कारण कोल्हापूरहून आलेला पुतण्याचा फोन. आमच्या घरी १९८१ ची प्रीमियर पद्मिनी आहे. बाबांनी घेतली, दादाने जपली आणि आता पुतण्याने तिच्यावर हक्क सांगितला आहे. त्याने ती एका विंटेज रॅलीत उतरवायला अर्ज भरला. उत्तर आलं, पन्नास वर्षांवरच्या आणि मूळ स्वरूपातल्याच गाड्या. पद्मिनी पंचेचाळिशीत अडकली. त्यात भर म्हणजे यंदाच तिच्या नोंदणीचं नूतनीकरण आहे. वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी त्याचं शुल्क ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार रुपये झालं. पुतण्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चिडून लिहितो, "म्हणजे आरटीओसाठी ही म्हातारी आणि रॅलीसाठी पोरगी!" खाली दादाचा प्रश्न: तुमच्याकडे काय करतात?

आमच्याकडे म्हणजे इथे, चाळीस वर्षं झाली की गाडी ऐतिहासिक ठरते. रस्ताकर माफ. मे २०१८ पासून वार्षिक तपासणीही माफ, फक्त गाडीत गेल्या तीस वर्षांत मोठे फेरफार झालेले नसावेत. लंडनमध्ये जुन्या, धूर ओकणाऱ्या गाड्यांना दिवसाला साडेबारा पौंड पडतात, तेही ऐतिहासिक गाडीला नाहीत. आमची पद्मिनी इथे असती तर २०२२ मध्येच या यादीत बसली असती. जर्मनीत तीस वर्षं झाली की प्लेटवर एच लावता येतो, गाडी नीट राखलेली आहे हे तपासून. ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक महासंघाची, म्हणजे फिवाची, व्याख्याही तीस वर्षांचीच.

आपल्याकडे जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांचा स्वतंत्र नियम आला तो पन्नास वर्षांचा. नव्याने नोंदणी करायची तर वीस हजार रुपये, दहा वर्षांसाठी. नंबरात व्हीए ही खास मालिका. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, ही त्यातली शहाणपणाची गोष्ट. गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, संशोधनाला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्यायची, रोज वापरायची नाही. नियम म्हणून वाईट नाही. पण याच्याच शेजारी दुसरी रेघ आहे, पंधरा वर्षांची. तिथे खासगी मोटारीची पहिली नोंदणी संपते, महाराष्ट्रात पर्यावरण कर लागतो, पुढे दर पाच वर्षांनी आरटीओची वारी. दिल्लीत तर डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षं झाली की गाडीचं आयुष्य संपलं असं २०१५ मध्ये हरित लवादाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पेट्रोल पंपावर इंधनच द्यायचं नाही असा हुकूम निघाला आणि लोकांच्या संतापापुढे काही दिवसांत थांबवावा लागला.

म्हणजे वारसा व्हायचं तर आधी पस्तीस वर्षं भंगारात न जाता काढायची. ज्याच्याकडे बंद गॅरेज, विश्वासू मिस्त्री आणि खर्चायला पैसा आहे त्याचीच गाडी ही मधली वर्षं पार करते. मारुती ८०० ची पहिली गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली. देशाच्या मध्यमवर्गाला चाकं देणारी गाडी तीच. पन्नाशीला ती २०३३ मध्ये पोचेल, पण तोवर धड किती उरतील? मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनीचं काय झालं ते पाहिलंच आपण. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. शेवटची नोंदणी ऑक्टोबर २००३ ची, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि शहराचा एक रंगच उतरला.

इथवर वाचून वाटेल की लेखक आता इंग्लंडचे गोडवे गाणार. नाही. इथली सवलतही मला पटत नाही. माझ्याकडे १९७९ ची एक एमजीबी आहे. कायद्याने तिला तपासणी नको. मी तरी दरवर्षी नेतो, कारण पहिल्याच वर्षी तपासणाऱ्याने मला खाली खड्ड्यात बोलावलं, टॉर्च मारला आणि मागच्या चाकाकडे जाणारी ब्रेकची नळी दाखवली. गंजाने खवले सुटले होते. नखाने खरवडलं तर बोटावर तांबडी पूड. तशीच मी आठवडाभर हायवेवर फिरलो होतो, पूर्ण कायदेशीर. चाळीस वर्षं झाली म्हणून ब्रेक जास्त चांगले होत नाहीत, हे समजायला कायदेपंडित लागत नाही.

आणि साडेबारा पौंडांचा हिशोब पाहा. २०१० ची डिझेल गाडी घेऊन पहाटे ऑफिसं झाडायला निघालेली बाई रोज पैसे भरते. १९७० ची जॅग्वार घेऊन निघालेला हौशी माणूस फुकट जातो, जरी तिला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणजे काय ते माहीत नसलं. दिल्लीतही वीस वर्षांच्या अल्टोवाल्याच्या गळ्याला फास आणि राजवाड्यातल्या गाडीला हार. वय हे माप घेतलं की सूट हळूच पैसेवाल्याकडे सरकते, लंडन असो की दिल्ली.

माझं म्हणणं त्यामुळे जरा उलटं वाटेल. रस्त्यावर वयाची रेघ नकोच. गाडी तपासा: धूर, ब्रेक, गंज, टायर. पंधरा वर्षांची निकामी असेल तर जाऊ दे भंगारात, पंचेचाळीस वर्षांची धड असेल तर चालू दे. दिल्लीच्या हवेचा मुद्दा खोटा नाही. आमची पद्मिनीही काही स्वच्छ नाही, चोक ओढून सुरू केली की अंगणातली तुळससुद्धा खोकते. पण ती वर्षाला चार-पाचशे किलोमीटर चालते. नियम कॅलेंडर मोजतो, किलोमीटर मोजत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीपुरतं बीएस-४ या धुराच्या मानकातल्या आणि त्यापुढच्या गाड्यांना निव्वळ वयासाठी होणाऱ्या कारवाईतून वगळलं, म्हणजे नजर थोडी वयावरून इंजिनाकडे वळली. पुरेशी नाही, पण वळली.

मेळाव्याच्या मैदानावर मात्र रेघ हवी, आणि कडक हवी. तिथे प्रश्न हवेचा नाही, सुरक्षिततेचा नाही. आज आपण काय बघायला जमलो आहोत, एवढाच आहे. लंडन ते ब्रायटन ही नोव्हेंबरातली धाव घ्या. १ जानेवारी १९०५ पूर्वी बनलेल्याच गाड्या. १९२७ पासून ही धाव होते आहे आणि रेघ एक वर्षसुद्धा पुढे सरकवत नाहीत. गाडीचं साल ठरवायला जुन्या मोटारींचा क्लब कागद, इंजिन, चासी सगळं उकरून काढतो. १९०६ ची गाडी कितीही देखणी असो, ती प्रेक्षकांत. आणि म्हणूनच त्या थंडगार पहाटे हाइड पार्कमध्ये उभं राहिलं की खरंच घोड्यांच्या जगातून मोटारींच्या जगात जाणारा रस्ता समोर दिसतो. रेघ सैल असती तर ती नुसती जत्रा झाली असती.

आता रेघ कुठे मारायची हा वेगळा वाद. ठरलेलं साल ठेवलं तर मेळावा म्हातारा होत जातो; इथे १९३० च्या दशकातल्या गाड्यांची ओळख असलेली माणसं दरवर्षी कमी होताना मी बघतोय. सरकती रेघ ठेवली तर दरवर्षी नवी पिढी येते, पण मैदान हळूहळू सुपरमार्केटच्या पार्किंगसारखं दिसायला लागतं. २०१४ पासून इथे साध्यासुध्या, सहसा कुणी जपून ठेवत नाही अशा गाड्यांचाच एक मेळावा भरतो. आपल्या मारुती ८०० ला तिथे टाळ्या पडल्या असत्या. मला हा मार्ग आवडतो: आपली रेघ सैल करण्यापेक्षा दुसऱ्याने दुसरी रेघ मारून वेगळं मैदान घ्यावं. शिवाय चेहऱ्यावरून वय कळत नाही. मिनी १९५९ ते २००० जवळपास त्याच तोंडवळ्याची निघाली, आणि २०१४ पर्यंत बनलेली अँबॅसेडर पन्नासच्या दशकातल्या मॉरिस ऑक्सफर्डची नात. दिसते जुनी म्हणून आत घेतली की प्रतिकृतीलाही नाही म्हणता येत नाही.

पुतण्याला नाकारलं ते वयावरून, त्यात मला गैर वाटलं नाही. पन्नास लिहिलं आहे ना, मग पन्नास. मला खटकली ती अर्जातली दुसरी अट, मूळ स्वरूपाची. १९९१ पूर्वी आपल्याकडे परदेशी भाग मिळणं म्हणजे दिव्य होतं. आमच्या पद्मिनीचा पाण्याचा पंप उद्यमनगरात लेथवर झाला आहे. स्टिअरिंगवरचा गिअर बाबांच्या एका मिस्त्रीने ऐंशीच्या दशकाच्या शेवटी खाली जमिनीवर आणला, कारण वरचा दांडा सारखा अडकायचा. दुसऱ्या कुठल्या घरी अँबॅसेडरमध्ये डिझेल इंजिन बसवलं असेल. युरोपातली ओरिजिनॅलिटीची फूटपट्टी लावली तर या गाड्या नापास. पण भारतात गाडी चालती कशी ठेवली याचा इतिहास त्या लेथच्या खुणांतच आहे. अट घालायचीच तर अशी घाला की बदल केव्हा झाला ते सांगा. १९८८ चा बदल हा इतिहास, २०२२ मध्ये बसवलेले अलॉय व्हील्स ही हौस.

कोल्हापुरात दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार निघते तेव्हा तिचं वय, कागद, धूर कुणी विचारत नाही. विचारूही नये. पण गर्दीत उभं राहून ती बघणाऱ्याच्या दारात जी पद्मिनी आहे, तिलाही कधीतरी कुणीतरी नुसतं बघायला यावं असं वाटणारच.

हे सगळं मी दादाला लिहिलं, त्याने अंगठा पाठवला. पुतण्याने विचारलं, त्या कोब्राला तुम्ही आत का सोडलंत? यावर माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. यंदाच्या बैठकीत मी प्रतिकृतींसाठी वेगळी रांग आणि फाटकावर प्रत्येकाचा नोंदणीचा कागद बघण्याचा ठराव मांडला. दोन मतांनी पडला. समितीतले तेच गृहस्थ मला नंतर चहा देत म्हणाले, या वर्षी फाटकावर दुसऱ्या कुणाला उभं करतो, तू गवतावर जागा दाखव. लाल माझदावाल्याचा पत्ता मात्र मी मिळवला आहे. १९९० च्या दशकातल्या गाड्यांसाठी सप्टेंबरात पलीकडचं शेत मिळेल का, ते आम्ही दोघं बघतोय.