काकाजी, रॅम नवीच होती. चूक माझी दुसरीकडे झाली

काकाजी, नमस्कार. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू तीनदा वाचला. तुमची तक्रार थोडक्यात अशी: मशीन (कॉम्प्युटर) हळू चालते म्हणून आणली, मी ८ जीबीची रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, १६ केली, रॅमचे पैसे आणि वर ३०० रुपये मजुरी घेतली, आणि नवव्याच दिवशी, नेमकी २० तारखेला, जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, जीएसटीआर-३बी, भरता भरता मशीन पुन्हा गोठली. रॅम जुनी लावली असेल आणि दुकान बंद करून मी तोंड लपवलं, असंही तुम्ही लिहिलंत.

आधी हे दोन मुद्दे निपटवतो. रॅमचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं होतं, सीरियल नंबर बिलावर आहे. जुन्या मालाचा आरोप मी मान्य करणार नाही. दुकान बंद होतं ते तान्ह्या पोळ्याला. त्याच दिवशी मारबतीची मिरवणूक असते, तेव्हा नागपूरच्या इतवारीत शटर उघडून बसलो तरी गिऱ्हाईक येणार कुठून? फोन मात्र उचलायला हवा होता, तो उचलला नाही.

आता माझी खरी चूक. दुकानात टास्क मॅनेजर (कोण किती मेमरी खातंय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडला, मेमरी ९० टक्क्यांवर दिसली, आणि रॅम कमी पडते असं मी ठरवून टाकलं. कोण खातंय ते पाहिलंच नाही. रॅम टाकून दोनदा रीस्टार्ट केलं, तासभर चालवलं, सगळं छान. पण त्या तासभरात नेटची वायर लावलेली नव्हती. रोग नेमका तिथंच होता.

परवा तुमच्या घरी बसलो तेव्हा तुम्हीही पाहिलंत. टास्क मॅनेजरच्या यादीतल्या सगळ्या प्रोग्रॅमची बेरीज जेमतेम साडेतीन जीबी, आणि वापरात दाखवतंय ११ जीबी. मग बाकीची गेली कुठं? परफॉर्मन्सच्या पानावर मेमरीवर क्लिक केलं की खाली ‘नॉन-पेज्ड पूल’ असा एक आकडा असतो. साधारण मशीनवर तो काहीशे एमबी असतो. तुमच्याकडे ६.४ जीबी होता. ही मेमरी विंडोजच्या गाभ्याची आणि ड्रायव्हरची, म्हणजे नेट कार्डासारखे भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची. ती डिस्कवर ढकलता येत नाही आणि प्रोग्रॅमच्या यादीतही दिसत नाही. म्हणून शेजाऱ्यांनी तुमच्या मशीनमध्ये टाकून दिलेला तो रॅम साफ करणारा प्रोग्रॅम काही कामाचा नव्हता. असे प्रोग्रॅम बाकीच्यांची मेमरी डिस्कवर ढकलतात, मशीन उलट आणखी हळू होते. तो मी काढला, राग मानू नका.

मग मायक्रोसॉफ्टचंच पूलमॉन नावाचं साधन चालवलं. कोणता ड्रायव्हर किती मेमरी धरून बसलाय ते ते चार अक्षरांच्या खुणेनं दाखवतं. एक खूण आपल्या डोळ्यांदेखत वाढत होती, एक मोठी फाइल डाउनलोडला लावली तर आणखी भराभर. ती अक्षरं ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये शोधली तेव्हा चोर सापडला: मदरबोर्डच्या सीडीतून आलेली, नेटचा वेग गेमला आधी देणारी एक सेवा आणि तिचा ड्रायव्हर. जीएसटी भरायच्या मशीनमध्ये गेमसाठी सोय! मेमरी घ्यायचा, परत करायचा नाही. नळ चालूच होता, मी फक्त बादली मोठी दिली. पहिली पाच दिवसांत भरायची, दुसरी नवव्या दिवशी भरली.

काकूंनी ठेवलेला चहा गार झाला तो याच्या पुढच्या भानगडीत. तुम्ही म्हणालात, ‘मी तर रोज रात्री मशीन बंद करतो, मग साचतं कसं?’ सीपीयूच्या पानावर अप टाइम, म्हणजे विंडोज नव्यानं सुरू होऊन झालेला वेळ, दाखवला: ६ दिवस ११ तास. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असलं की शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलला जातो, साचलेल्या कचऱ्यासकट. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्यानं सुरू होतं. तुम्ही म्हणता बंद केली, मी म्हणतो आम्ही रीस्टार्ट केली, आणि दोघंही खरं बोलत होतो! हे मला वीस वर्षांच्या धंद्यात माहीत होतं, तरी काउंटरवर गर्दी होती म्हणून विचारलं नाही.

ती सेवा काढली, नेट कार्डचा साधा ड्रायव्हर टाकला, फास्ट स्टार्टअप बंद केलं. सकाळी मशीन सुरू व्हायला आता थोडी जास्त वेळ घेईल, तेवढं चालवून घ्या. आज सकाळी तुम्ही फोनवर सांगितलेला पूलचा आकडा ३१० एमबी होता. आठवडाभर रोज एकदा बघा. हजाराच्या वर गेला तर मला बोलवा, यायचे पैसे घेणार नाही.

मजुरीचे ३०० परवाच परत केले. राहिली रॅम. तुमच्या टॅलीला आणि ब्राउझरला ८ जीबी पुरते, हे मला आधीच सांगता आलं असतं. परत द्यायची असेल तर पाकीट नसलं तरी चालेल, पूर्ण पैसे देईन. फक्त ११ तारखेच्या आधी या, नंतर तुम्ही जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये, अडकाल.