‘एकच मोठी हार्ड डिस्क पुरे’ म्हणणाऱ्यांना

लग्नसराई आली की सांगली-मिरजेतल्या शूटिंगवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘५ टीबीची एक पोर्टेबल हार्ड डिस्क घ्या. नवरा-नवरीच्या नावाचं फोल्डर करा, कॅमेऱ्याचं कार्ड कट-पेस्ट करून मोकळं करा, तिथूनच एडिट करा. बाकी खर्च वायफळ.’ यंदा मला तो तिघांनी पाठवला.

आधी कट-पेस्ट. सोनीच्या दोन कॅमेऱ्यांत सी०००१, सी०००२ अशी सारखीच नावं सर्रास असतात. दोन्ही कार्डं एकाच फोल्डरात ओतली की विंडोज विचारतं, जुनी फाइल बदलू का? हरिपूरच्या एका लग्नानंतर रात्री दीड वाजता, पेंगत, मी ‘हो’ दाबलं. सी००१४ मध्ये अक्षता होत्या. त्यांच्या जागी पंगतीतली जिलेबी आली. अशी बदललेली फाइल रिसायकल बिनमध्येही सापडत नाही, आणि कार्ड तर दुसऱ्या दिवशीच्या साखरपुड्यानं भरून टाकलं होतं. नवरीच्या वडिलांना काय सांगितलं ते इथे लिहीत नाही.

तेव्हापासून फक्त कॉपी. अख्खं कार्ड, आतल्या फोल्डरांसकट, जसंच्या तसं. ‘२०२५-१२-०७_हरिपूर_कॅम१’, ‘कॅम२’ असं वेगवेगळं. वर्ष, महिना, दिवस या क्रमानं लिहिलं की यादी आपोआप तारखेनं लागते. नुसत्या नावांवर विसंबलं तर त्या मोसमातल्या ‘पूजा’ नावाच्या चार नवरींपैकी आपली कुठली, हे शोधत बसावं लागतं. दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि साइज जुळवायची, मधल्या दोन-चार क्लिप चालवून बघायच्या. मगच फॉरमॅट, तोही कॅमेऱ्यातच.

‘तिथूनच एडिट करा’ हे अर्धं खरं आहे. १०० एमबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटचं फोरके म्हणजे (आठ बिटांचा एक बाइट) सेकंदाला साडेबारा एमबी, तासाला ४५ जीबी. एका कॅमेऱ्याचं फुटेज पोर्टेबल डिस्क आरामात ओढते. तीन कॅमेरे एकदम टाइमलाइनवर आले की मात्र डिस्कच्या फिरत्या तबकडीवरून डेटा वाचणाऱ्या हेडला तीन ठिकाणी धावाधाव करावी लागते आणि वरात अडखळत चालते. म्हणून चालू काम एसएसडीवर (तिच्यात फिरती तबकडीच नसते), संपलेलं हार्ड डिस्कवर. एसएसडी परवडत नसेल तर प्रॉक्सी, म्हणजे एडिटपुरत्या हलक्या कॉपी करा, जुनी डिस्कही चालेल.

राहिलं ‘एकच’. दोन कॅमेरे प्रत्येकी तीन तास चालले तर २७० जीबी. म्हणजे ५ टीबीत अठराएक लग्नं. अख्खा सीझन टेबलाच्या कडेवर, वायरीला लटकलेला! दुसरी कॉपी हवीच, आणि ती त्याच कपाटात नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या मारुती चौकात शिरलं तेव्हा कपाटात एक डिस्क होती की दोन, हे पाण्यानं बघितलं नसतं. माझी दुसरी डिस्क विश्रामबागला ताईकडे असते, वरच्या मजल्यावर.

आणि वायफळ खर्चाचं म्हणाल, तर दुसऱ्या डिस्कचे पैसे मी कोटेशनमध्येच धरतो. आजवर एकाही पार्टीनं त्यावरून घासाघीस केलेली नाही. घासाघीस होते ती ड्रोनवर.