प्रश्न भरतीपुरता नाही
मुंबई अग्निशमन दलात महिलांची भरती झाली म्हणजे प्रश्न मिटला, हा महिला अग्निशामकांवरील तुमच्या लेखाचा सूर मला पटला नाही. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात हर्षिनी कान्हेकर यांनी पहिली विद्यार्थिनी म्हणून प्रवेश घेतला तो २००२ साली; म्हणजे दार उघडून दोन दशके उलटली. अडचण दाराच्या आत आहे. श्वसनसंचाचा, म्हणजे धुरात श्वास घेण्यासाठी पाठीवर बांधायच्या हवेच्या सिलिंडरचा, मुखवटा महिलेच्या चेहऱ्यावर घट्ट बसला नाही, तर सिलिंडरमधील हवा लवकर संपते आणि धूर आत शिरण्याचा धोका वाढतो. पुरुषी मापाचे बूट व हातमोजे घालून शिडी चढणेही तितकेच घातक, मग अंगात बळ कितीही असो. (बळाची चर्चा मात्र आपण हिरिरीने करतो.) केंद्रांवर रात्रपाळीच्या महिलांसाठी स्वतंत्र विश्रांतीकक्ष व स्वच्छतागृहे आहेत का, हेही लेखात यायला हवे होते.