समावेशक व्हा, खुर्ची मात्र सोडू नका

नागपूरच्या मिहान या उद्योगवसाहतीतल्या एका आयटी कंपनीत मी अकरा वर्षं टेस्टिंग केलं. बाराव्या वर्षी प्रोजेक्ट संपला, मी बेंचवर आलो, म्हणजे पगार चालू पण काम नाही, आणि एके दुपारी एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "तुम्ही जरा बोलके आहात ना, मग डायव्हर्सिटी तुम्हीच घ्या." अशा रीतीने मी तज्ज्ञ झालो. तेव्हा राजेहो, हे क्षेत्र अवघड आहे असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. कोडिंग लागत नाही, कायदा लागत नाही आणि ज्यांचं भलं करायचं त्यांच्याशी ओळख तर मुळीच लागत नाही. ओळख झाली की अडचणच होते, माणसं खरं काय ते सांगायला लागतात.

सुरुवात शब्दांपासून करा. विविधता, समता आणि समावेशन म्हटलं की समोरचा घड्याळाकडे बघतो. डीईआय म्हटलं की वहीत लिहून घेतो. त्यातला 'डी' म्हणजे ग्रुप फोटोत वेगवेगळ्या रंगांचे कपडे. 'आय' म्हणजे फोटो काढताना सगळ्यांनी जरा जवळ सरकणं. 'ई'चं अजून ठरायचं आहे. इक्विटी म्हणजे शेअर, अशी आमच्या फायनान्सवाल्याची समजूत होती. ते आता वाटायचे की काय म्हणून त्याने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. तो या विषयाच्या जितका जवळ पोचला, तितका मी नंतर कुणालाच पोचलेला पाहिला नाही.

मग पीपीटी. पहिली स्लाइड एडा लव्हलेसची, जिला जगातली पहिली प्रोग्रॅमर म्हणतात: १८४३ साली तिने बॅबेज या गणितज्ञाच्या न बांधलेल्या गणकयंत्रावर टिपणं लिहिली, वगैरे. दुसरी एनिॲकची. फेब्रुवारी १९४६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने तो खोलीभर पसरलेला संगणक जगाला दाखवला आणि त्याचं प्रोग्रॅमिंग सहा बायांनी केलं होतं. इथे थांबा, टाळ्या घ्या. त्या प्रात्यक्षिकाच्या रात्री मोठी मेजवानी झाली आणि या सहा जणींना तिचं बोलावणंच नव्हतं, एवढं मात्र गाळा. कारण तुम्ही बोलत असता तेव्हा तुमच्या टीममधल्या दोन पोरी सकाळपासून रांगोळी काढून भिंतीला टेकलेल्या असतात आणि त्यांनीच लिहिलेल्या मॉड्यूलचा डेमो वरच्या मजल्यावर मॅनेजर क्लायंटला देत असतो. उगाच कुणाला काही आठवायला नको.

आकड्यांना भिऊ नका. आकडा हा आपल्या धंद्याचा पोटभरू पदार्थ आहे. अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या मध्याला कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीधरांत मुली ३७ टक्क्यांच्या आसपास होत्या, पुढे ते प्रमाण निम्म्यावर आलं. तिथले तज्ज्ञ बिचारे पोरींना वर्गात आणण्यासाठी झटतात. आपल्याला तो त्रास नाही. आपल्या कॉलेजांत कॉम्प्युटरच्या वर्गात पोरी भरपूर. त्या पहिल्या नोकरीला लागतात तेव्हाच मोजून घ्यायचं, म्हणजे वार्षिक अहवाल छान दिसतो. रिसेप्शन, पेरोल, एचआर हेही 'टेक'मध्येच धरा, कॉम्प्युटर त्यांच्यापुढेही असतोच. मात्र पाचेक वर्षांनी कुणी मोजू नये याची काळजी घ्या, कारण तोवर अर्ध्याजणींच्या नवऱ्याची बदली पुण्याला झालेली असते. आणि त्या तिकडे आपल्याच कंपनीच्या दुसऱ्या ऑफिसात बदली मागतात तेव्हा ती 'बिझनेस नीड'मध्ये बसत नाही.

पाळणाघराचा प्रश्न कुणीतरी काढतंच. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक झालं. यावर आमच्याकडचा उपाय असा की रोलवर ४९ माणसं ठेवायची, बाकीची ठेकेदाराकडून. तेही जमलं नाही तर एका खोलीवर ससा आणि हत्ती रंगवून कुलूप लावायचं. आमच्या सशाच्या खोलीत मोडक्या खुर्च्या, दोन प्रिंटर आणि गणपतीचं मखर होतं. ऑडिटवाले आले की मखर बाहेर काढून एक बाहुली ठेवायची, आणि त्या बाहुलीचं वय आता सहा वर्षं आहे.

तृतीयपंथीयांबद्दल घाई करू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्यांची ओळख मान्य केली, आपल्या फॉर्मात यथावकाश 'इतर' हा पर्याय आला. स्वच्छतागृहाची दारं दोनच आहेत, पण फॉर्म सुंदर आहे.

तज्ज्ञाचा कस लागतो तो ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी. एक तर हिवाळी अधिवेशन तोंडावर, सिव्हिल लाइन्समध्ये जागोजागी बॅरिकेड. तरी आम्ही तिथला एक हॉल घेतला, मुद्दाम रॅम्प असलेला. रॅम्प रिकामा बरा दिसत नाही म्हणून त्यावर भली मोठी रांगोळी काढली. प्रमुख पाहुणे व्हीलचेअरवर आले. रांगोळी मोडायला नको म्हणून चौघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून पायऱ्यांवरून आत नेलं. त्या उचलण्याचा फोटो आमच्या सगळ्यात जास्त लाइक मिळालेल्या फोटोंपैकी एक आहे. पाहुण्यांनी त्यात डोळे मिटून घेतले आहेत. ते भावुक झाले असावेत, असं आम्ही खाली लिहिलं.

निमंत्रण नेहमी चित्राच्या स्वरूपात पाठवा. आमचा एक सहकारी दृष्टिहीन आहे, स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावून कोड लिहितो. तो आवाज इतका भरधाव लावतो की आपल्याला नुसती कुरकुर ऐकू येते. कार्यक्रमाची पत्रिका त्यालाही व्हॉट्सॲपवर गेली. त्याचा फोन आला, "काऊन भाऊ, हा 'इमेज' नावाचा कार्यक्रम किती वाजता हाये? माह्या फोन तेवढंच सांगून राह्यला." सुगम्यतेचा नियम सांगतो की चित्रासोबत त्याचं वर्णन शब्दांत द्या, आणि साधा मजकूर असेल तर अक्षर नि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ एवढा फरक ठेवा. आमच्या डिझायनरचं म्हणणं, पांढऱ्यावर फिकट राखाडी क्लासी दिसते. आम्ही क्लासीच्या बाजूने राहिलो. म्हणजे पत्रिका ज्यांना दिसते त्यांनाही वाचता आली नाही. एवढी समता मी नंतर कधी साधू शकलो नाही.

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डिजिटल सेवा मिळणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्यामागे ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या माणसांची याचिका होती. बँकेचं केवायसी करताना ॲप म्हणतं डोळे मिचकावा. डोळ्यांना इजा झालेल्या माणसाने ते कसं मिचकावायचं? या निकालाची बातमी मी मीटिंगमध्ये वाचून दाखवली. दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग प्रॉडक्टवाला म्हणाला, बॅकलॉगला टाकतो, म्हणजे कधीतरी करायच्या कामांच्या यादीत. आता पुढे जाऊ.

आमच्या गेटवर चेहरा ओळखून हजेरी घेणारं यंत्र बसलं. नागपूरच्या उन्हात तोंडाला दुपट्टा गुंडाळून स्कूटीवर येणाऱ्या पोरी तो सोडतात, घाम पुसतात, केस सारखे करतात, तेव्हा कुठे यंत्र पावतं. हाऊसकीपिंगच्या ताईंना मात्र ते तीन-तीनदा नाकारी. सावळ्या चेहऱ्यांशी यंत्रांचं कसं बिनसतं हे जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या संशोधक बायांनी २०१८ मध्येच मोजून ठेवलंय: चेहरा बाईचा की पुरुषाचा हे सांगणाऱ्या तीन प्रणाली तपासल्या, तर उजळ पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर ०.८ टक्के आणि सावळ्या-काळ्या बायांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. आमचं यंत्र त्या तिघांतलं नव्हतं, आणि दोष त्याचा की गेटवरच्या उजेडाचा हे कुणी तपासलंही नाही. सिक्युरिटीने ताईंना सांगितलं, "थोडं पावडर लावून येत जा." हा अभिप्राय मी 'एम्प्लॉयी एक्सपिरियन्स'मध्ये नोंदवला.

आता जरा जपून चालायचा भाग. जात.

पहिला नियम, आपल्याकडे जात पाहत नाहीत. हे वाक्य पाठ करा, आरशासमोर म्हणा. आपल्याकडे फक्त 'कल्चर फिट' पाहतात. त्यासाठी टेक्निकल राउंड आटोपला की सहज विचारायचं, मूळचे कुठले? आडनाव कसं लिहिता? इथे राहता कुठे? धरमपेठ किंवा लक्ष्मीनगर म्हणाला तर "अरे वा, घराजवळच!" इंदोरा ही दलित वस्ती सांगितली तर "अच्छा, अच्छा." एक अच्छा चालतो. दोन लागोपाठ आले की समजायचं, ईमेल येणार नाही. पॅन्ट्रीत दोन मायक्रोवेव्ह ठेवायचे, एकावर 'शाकाहारी' अशी हिरवी चिठ्ठी. सावजी मटणावर पोसलेल्या या शहरात त्या चिठ्ठीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, आणि कोणाचा डबा कुठल्या मायक्रोवेव्हमध्ये गेला हे सगळ्यांना पाठ असतं. मात्र आपण जात पाहत नाही.

भरती रेफरलवर ठेवा. ॲमेझॉनने हेच काम मशीनवर सोपवायचा खटाटोप केला होता. दहा वर्षांचे जुने अर्ज खाऊ घातल्यावर ते मशीन अर्जात 'विमेन्स' शब्द दिसला की गुण कापायला शिकलं. त्यांनी ते गुंडाळलं आणि २०१८ मध्ये ही गोष्ट बाहेर आली. कशाला एवढा खर्च? आपल्याकडे हेच काम टपरीवर तर्री-पोहे खाता खाता होतं, "आपलाच पोरगा आहे" एवढ्यावर. वीजही लागत नाही.

मध्येच एखादा वाचनाचा नाद असलेला ज्युनिअर विचारेल, सर, २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याने सिस्को या टेक कंपनीवर जातिभेदाचा खटला भरला होता ना? त्याला सांगा, त्यातल्या दोन अभियंत्यांविरुद्धचा भाग राज्याने २०२३ मध्ये मागे घेतला. कंपनीविरुद्धचा भाग तेव्हा उभाच राहिला, हे सांगायची गरज नाही. तो म्हणेल, त्याच वर्षी सिॲटल शहराने जातीवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी घातली. म्हणा, तो तिकडचा प्रश्न आहे. सात समुद्रांपलीकडच्या नगरपालिकेला जात दिसते आणि आपल्या चौथ्या मजल्याला दिसत नाही, याचा अर्थ आपली नजर किती समावेशक आहे!

नागपुरात राहून हे साधायला मात्र कौशल्य लागतं, कारण शहर फार आठवण करून देतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखोंसह जिथे धम्मदीक्षा घेतली ती दीक्षाभूमी आमच्या आयटी पार्कवाल्यांच्या जायच्या-यायच्या वाटेवर. दसऱ्याच्या आधी देशभरातून माणसं पायी, रेल्वेने, ट्रकने येतात, पुस्तकं विकत घेऊन परत जातात. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर त्या आठवड्यात एकच मेसेज असतो: ट्रॅफिक राहील, वर्क फ्रॉम होम द्या. मीही अंगठा दाखवतो.

आणखी एक. जुलै १९४२ मध्ये याच नागपुरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, समोर हजारो बाया. घटस्फोटाचा हक्क मागितला, गिरणीत आणि विडीत राबणाऱ्या बायांसाठी रजा मागितल्या. तिथेच बाबासाहेब म्हणाले की समाजाची प्रगती मी त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो. हे वाक्य आमच्या ८ मार्चच्या पोस्टरवर दरवर्षी असतं. खाली नाव नसतं. "नाव टाकलं की विषय पॉलिटिकल होतो," मॅडम म्हणाल्या. मी खाली 'एक विचारवंत' असं टाकलं आणि परिषदेची जागा सिलिकॉन व्हॅलीच्या फोटोला दिली.

हवामानावर लक्ष ठेवा. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी सरकारी खात्यांतले डीईआयचे कार्यक्रम बंद करण्याचे आदेश काढले, त्याच महिन्यात फेसबुकवाल्या मेटाने आपला कार्यक्रम आवरला, फेब्रुवारीत गूगलने भरतीची उद्दिष्टं सोडली. आमच्या क्लायंटने एका ओळीची मेल केली. मारबतीच्या मिरवणुकीत "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत आपण बडगे, म्हणजे पुतळे, शहराबाहेर नेतो ना, तसा 'डीईआय' हा शब्द आम्ही रात्रीतून दोनशे स्लाइडमधून बाहेर काढला. माझ्या पदाचं नाव आता 'कल्चर अँड बिलाँगिंग लीड' आहे. काम तेच. सुदैवाने काम आधीही नव्हतं, त्यामुळे काही बदलावं लागलं नाही.

यंदाचा ८ मार्च छान झाला. चर्चासत्रात आम्ही चौघं पुरुष होतो आणि सूत्रसंचालनाला एक मॅडम. फ्लेक्सवर मोठ्या अक्षरांत 'सर्वांना सामावून घेऊ'. फोटो झाले, संत्रा बर्फी वाटली. हॉल रिकामा झाल्यावर, यंत्र ज्यांना तीनदा नाकारतं त्या ताई प्लेटा गोळा करत आल्या आणि फ्लेक्सकडे बघत म्हणाल्या, "साहेब, हा नेऊ का जी मी? आता उन्हाळा लागला, घरावरचं टिन लय तापते."

असं कुणी विचारलं तर देऊ नका. त्यावर साल मुद्दामच छापलेलं नाही. पुढच्या मार्चला लागतो.