‘जुनी गाडी म्हणजे पांढरा हत्ती’ : त्या मेसेजमधल्या एकेका वाक्याला उत्तर

महिन्याभरात एकच मेसेज मला तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आला. तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा : दहा वर्षांच्या वरची गाडी घेऊ नका, पंधरा वर्षांनी सरकार स्क्रॅप करतं, ई२० (म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने इंजिन खलास होतं, पार्ट मिळत नाहीत, ॲव्हरेज नाही, सेफ्टी शून्य, आणि महिन्याला गॅरेजमध्ये जेवढे घालाल तेवढ्यात नव्या गाडीचा हप्ता बसतो.

हा मेसेज वाचूनच गेल्या वर्षी माझा मामेभाऊ सात लाखांच्या कर्जाच्या कागदांवर सही करायला निघाला होता. त्याला गाडी कशाला हवी होती तर मामीला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला विट्याहून सांगलीला न्यायला, येऊन जाऊन शंभरेक किलोमीटर. भाड्याच्या गाडीने तो मेटाकुटीला आला होता आणि पगार असा की हप्ता सुरू झाला की बाकी सगळं थांबलं असतं. शेवटी त्याने जुनी गाडी घेतली, आम्ही दोघांनी मिळून शोधली आणि दुरुस्त करून घेतली, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

पहिलं वाक्य, "पंधरा वर्षांनी स्क्रॅप". महाराष्ट्रात हे खरं नाही. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं हे बरोबर, पण ते संपलं की गाडी आरटीओत दाखवायची, फिटनेस बघतात, आणि पास झाली की पुढची पाच वर्षं मिळतात. आपल्याकडे त्याला रीपासिंग म्हणतात. दहा वर्षं डिझेल आणि पंधरा वर्षं पेट्रोल हा नियम आला तो दिल्ली आणि आसपासच्या एनसीआर भागासाठी, आधी २०१५ ला हरित लवादाचा आदेश आला आणि मग २०१८ ला सुप्रीम कोर्टाने तो उचलून धरला. तिकडची बातमी कापून इकडे फिरवली की लोक घाबरतात, बाकी काही नाही. २०२१ च्या स्क्रॅप पॉलिसीतही वय झालं म्हणून खाजगी गाडी मोडीत काढा असं नाहीये, फिटनेसला नापास झाली तर प्रश्न येतो.

खर्च मात्र वाढलाय, तो लपवायचं काही कारण नाही. पूर्वी रीपासिंगची फी ६०० होती ती एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली, गाडी वीस वर्षांच्या वर गेली की २०२५ च्या नियमाने १०,०००. वर आपल्या राज्याचा पर्यावरण कर, पेट्रोल गाडीला पाच वर्षांचे ३,००० आणि डिझेलला ३,५००. उशीर केला तर महिन्याला ५०० दंड चढत जातो, त्यामुळे तारीख लक्षात ठेवा. पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी असेल तर फी आणि कर मिळून पाच वर्षांचे आठ हजार, म्हणजे महिन्याला दीडशेही नाही. ह्यासाठी कोणी सात लाखांचं कर्ज काढू नये.

ई२० चं प्रकरण जरा नीट बघू, कारण ह्यात अर्धं खरं आहे आणि अर्ध्या खऱ्यानेच जास्त घोळ होतो. एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या ई२० साठी बनलेल्या नाहीत हे खरं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडणार, नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या चारचाकींसाठी सहा-सात टक्के घट लिहिलेली आहे. पण "इंजिन खलास" हे कुठून आलं? त्रास जो होतो तो मुख्यतः रबराला होतो, म्हणजे फ्युएल होज (पेट्रोलच्या नळ्या), ओ-रिंग, सील, आणि टाकीत वर्षानुवर्षं बसलेला गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो. इथेनॉल पाणीही ओढतं, म्हणून गाडी दोन-दोन महिने उभी ठेवली, त्यात पावसाळा आणि टाकी रिकामी, तर मिसफायर, म्हणजे इंजिनाचे झटके, सुरू होऊ शकतो. ह्यावर उपाय काय, तर इथेनॉल चालेल असे होज टाकून घ्यायचे, फिल्टर बदलायचा, टाकी अर्ध्याच्या खाली जास्त दिवस ठेवायची नाही आणि गाडी चालती ठेवायची. रोज वापरायची गाडी तशीही उभी राहत नाही. हां, कोणी १९९८ ची कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० रोजच्या वापराला घेत असेल तर मी पण नको म्हणेन, त्या पिढीच्या गाडीला हे पेट्रोल खरंच सोसत नाही.

"पार्ट मिळत नाहीत." कुठल्या गाडीचे? हा प्रश्न विचारल्याशिवाय हे वाक्य निरर्थक आहे. आम्ही घेतली ती २०१२ ची मारुती रिट्झ, झेडएक्सआय (वरचं व्हेरिएंट), पेट्रोल. ही गाडी २०१७ ला बंद झाली, त्यामुळे मेसेजच्या हिशेबाने तर ती पहिलीच बाद व्हायला पाहिजे. पण तिचं १.२ चं के सिरीज इंजिन त्या वेळच्या स्विफ्टचंच, खालचं बरंचसं सामानही स्विफ्टशी जुळतं, त्यामुळे क्लच, ब्रेक पॅड, वॉटर पंप, लोअर आर्म, काहीही विट्यातसुद्धा त्याच दिवशी मिळालं. अडलं ते फक्त मागच्या लाइटला, ती सांगलीत जुन्या मालाच्या दुकानात शोधावी लागली. म्हणजे बघायचं हे की इंजिन आणि गिअरबॉक्स अजून रस्त्यावर लाखांनी फिरणाऱ्या गाडीचे आहेत का. ह्याच कारणाने शेवरोले (२०१७ ला विक्री बंद) किंवा फोर्ड (२०२१ ला गेली) घेताना मी थांबून विचार करेन, गाड्या वाईट म्हणून नाही, पण आपल्या गावातला मिस्त्री आणि आपल्या गावातलं दुकान त्यांना किती ओळखतं हे आधी विचारून घेईन. आणि सीट उंच पाहिजे होती म्हणूनही रिट्झ, डायलिसिस झाल्यावर मामीला खाली वाकून बसवत नाही.

ॲव्हरेजवर दोन मिनिटं. जुनी १४ देते आणि नवी २० देते असं धरा, महिन्याला हजार किलोमीटर, पेट्रोल १०५ रुपये. फरक साधारण २१ लिटरचा, म्हणजे २,२००-२,३०० रुपये. एवढाच. रोज शंभर-दीडशे किलोमीटर चालवणाऱ्याचं गणित वेगळं पडेल, त्याने नवी सीएनजी बघावी हे मीच सांगेन.

आता मुख्य वाक्य, "गॅरेजच्या पैशात हप्ता बसतो". सात लाख कर्ज, ९ टक्के, पाच वर्षं, हप्ता येतो १४,५०० च्या आसपास आणि नुसतं व्याज एक लाख सत्तर हजारांच्या वर जातं. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, नवी गाडी स्वस्त झाली हे मान्य, ज्याला परवडते त्याने जरूर घ्यावी. पण हे आमचे आकडे बघा. रिट्झ १ लाख ९० हजारांना पडली. पहिल्या दोन महिन्यांत ४७ हजार घातले : चार टायर १७,०००, सस्पेन्शन (लोअर आर्म, बुश, लिंक रॉड, पुढच्या शॉकॲब्जॉर्बरचे माउंट) ९,५००, क्लच ७,५००, रेडिएटर, होज आणि कूलंट मिळून ५,०००, ब्रेक ४,५००, ऑइल-फिल्टर-प्लग ३,५००. त्यानंतरच्या अकरा महिन्यांत एक बॅटरी आणि दोन सर्व्हिस धरून ९,००० च्या आसपास. थर्ड पार्टी इन्शुरन्स ह्या इंजिनाला ३,४१६ अधिक जीएसटी. गाडीची किंमत सोडून बाकीचा हा सगळा खर्च तेरा महिन्यांत वाटून बघा, महिन्याला सरासरी चौदा-साडेचौदा हजारांच्या जवळपास तरी जातंय का?

जुनी गाडी महाग पडते ती खर्चाचा क्रम चुकला की, हे मी स्वतः भोगलंय. माझी पहिली गाडी घेतली तेव्हा मी आधी सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम आणि टचअप केलं, रेडिएटर गळत होता तर वरून नळाचं पाणी ओतत राहिलो, आणि चौथ्या महिन्यात कात्रजच्या चढावर गाडी गरम होऊन हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं सील) गेलं. त्या एका दिवसाने जे पैसे नेले त्यात पूर्ण कूलिंग सिस्टीम तीनदा नवी झाली असती. म्हणून मामेभावाला पहिल्या दिवशी सांगितलं, आधी जे गाडी थांबवतं ते, म्हणजे ब्रेक आणि टायर, मग जे इंजिन वाचवतं ते, म्हणजे कूलिंग आणि ऑइल, मग सस्पेन्शन, एसी त्याच्यानंतर, आणि रंगाला तर हातच लावू नकोस. दारावरचे ओरखडे अजून तसेच आहेत. गाडी घेतानाच किमतीच्या पाव भाग रक्कम दुरुस्तीला बाजूला ठेवायची, ती नसेल तर मग आणखी स्वस्तातली गाडी बघायची, पण ते पैसे गाडीच्या किमतीत घालायचे नाहीत. टायरवरचे चार आकडे वाचा, २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा, नक्षी कितीही चांगली दिसली तरी इतका जुना टायर काढूनच टाका.

सेफ्टीबद्दल मेसेज बराचसा बरोबर आहे आणि मी तिथे वाद घालणार नाही. जानेवारी २०१४ ला ग्लोबल एनकॅप ह्या क्रॅश टेस्ट करणाऱ्या संस्थेने भारतातल्या पाच लहान गाड्या आपटून बघितल्या, अल्टो ८००, आय१०, नॅनो, फिगो, पोलो, पाचही विनाएअरबॅग आणि पाचही शून्य स्टार. पण त्याच वेळी दोन एअरबॅगवाल्या पोलोला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार स्टार मिळाले. म्हणून मॉडेल ठरवून थांबायचं नाही, व्हेरिएंट बघायचं. एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टीम) सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं झालं ते २०१९ ला, त्याच्या आधी ते बहुतेक वरच्या व्हेरिएंटलाच मिळायचं, रिट्झ आणि स्विफ्टची झेडएक्सआय, आय२० ची ॲस्टा, होंडा सिटी तर २००८ पासूनच. आम्हाला तीस हजार कमीत एलएक्सआय, म्हणजे खालचं व्हेरिएंट, मिळत होती, नाही घेतली. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे, लागतच नसेल तर एअरबॅगचा बिघाड लपवायला कोणीतरी बल्ब काढलेला असू शकतो.

आणि जे खरंच घाबरण्यासारखं आहे ते त्या मेसेजमध्ये नाहीच. आपल्या भागात २०१९ आणि २०२१ ला पूर आला, चिपळूण २०२१ ला बुडालं, त्यातल्या गाड्या धुऊन पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जातात. आम्ही रिट्झच्या आधी पाच गाड्या बघितल्या, त्यातली एक अशीच होती, बाहेरून सगळ्यात चकचकीत. कशी ओळखली सांगतो. सकाळी इंजिन गार असताना जा, बॉनेटला हात लावून बघा, आधीच गरम असेल तर मालकाने काहीतरी लपवायला चालू करून ठेवलीय. डिपस्टिकवरचं ऑइल दुधी दिसतंय का बघा, स्टेपनी काढून खालचा पत्रा बघा, सीटच्या रुळांवर गंज आहे का, मॅटखालचा वास घ्या. मग चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, अगदी शेवटपर्यंत, कारण धुणारा माणूस तेवढा आत जात नाही. त्या गाडीच्या मागच्या बेल्टवर टोकापाशी मातीची सरळ रेघ होती. मामेभाऊ काही न बोलता गाडीतून उतरला, मालक किंमत कमी करत मागे आला, आम्ही थांबलो नाही.